शिप्रेत सोडलेली वडी

दसरा, १४ ऑक्टोबर १९५६

आज उज्जैनच्या भैरवगढला खोली उघडली. उघडली म्हणजे कुलूप काढलं, झाडून घेतलं आणि दाराला झेंडूची माळ बांधली. कापड छापणाऱ्या एका छीप्याच्या बंद पडलेल्या कारखान्याचा हा मागचा भाग. भिंतींवर अजून लाल-काळ्या रंगाचे शिंतोडे आहेत, कोपऱ्यात छपाईचे झिजलेले लाकडी ठसे पडले आहेत. डॉक्टर विनायकराव फ्रीगंजमधला दवाखाना थोडा वेळ बंद ठेवून टांग्यानं आले. नारळ फोडून म्हणाले, "प्रभाकरपंत, रोज लिहीत जा. कोण आलं, कुणाला काय झालं. उद्या सरकार विचारेल."

सरकारला दाखवायचं ते वेगळ्या रजिस्टरात लिहीन. ही वही माझी.

खोलीच्या दारातून जेलची भिंत दिसते. त्या भिंतीच्या आत मी चार वर्षं काढली. त्याआधी अफूच्या गोदामात कारकून होतो, वजनाच्या काट्यावर. काट्यावरच्या माणसाला जे करता येतं ते मी केलं आणि पन्नास साली पकडला गेलो. जेलच्या इस्पितळात मला कामाला लावलं, तिथे नवीन कैद्यांत अफू खाणारे असायचे. ती एकदम तुटल्यावर त्यांचे जे हाल व्हायचे ते पाहत, त्यांचे हातपाय धरून बसत मी हे काम शिकलो. डॉक्टर तेव्हा तिथे येत. सुटल्यावर कुणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा त्यांनीच दवाखान्यात ठेवून घेतलं.

आता सरकारनं ठरवलं आहे की अफूच्या दुकानांचा साठा दरसाल कमी करत जायचा आणि एकोणसाठ साली दुकानं बंदच करायची. माळव्यातले जुने अमली लोक, ज्यांच्याकडे रोजच्या अफूचा सरकारी पास आहे, त्यांनी तोवर काय करायचं? त्यांच्यासाठी ही खोली. माझ्यापुरती अट एकच, डॉक्टरांनी घातलेली आणि मी शपथेवर कबूल केलेली: अफूला हात लावायचा नाही. ज्याची त्यानं आणायची, त्यानंच तोलायची. माझ्याजवळ कणभर सापडली तर खोली बंद आणि मी समोरच्या भिंतीआड.

घरी आलो तर अहल्येनं दारात ओवाळलं. सुटून आलो तेव्हाही ओवाळलं होतं. मला पकडलं त्या दिवशी घरात अफूची एक वडी शिल्लक होती. झडतीला माणसं यायच्या आत मी कोठडीतून एका ओळखीच्या शिपायाबरोबर निरोप पाठवला, शिप्रेत सोडून दे. तिनं सोडली. झडतीत काही सापडलं नाही, नाहीतर शिक्षा दुप्पट झाली असती. त्यावर ती कधी एक शब्द बोलली नाही. माझ्या मागे तिनं भैरवगढच्या छीप्यांच्या रजयांच्या खोळी शिवल्या, ओढण्यांना काठ घातले, लेकीला, सुलूला, मॅट्रिकपर्यंत नेलं. त्या चार वर्षांबद्दल मी तिला काही विचारलेलं नाही. कोणत्या तोंडानं विचारणार?

२० ऑक्टोबर

मोहल्ल्यानं खोलीचं नाव 'जम्हाईघर' ठेवलं आहे. चुकीचं नाही. अफू कमी पडली की माणूस आधी जांभया देतो. मग नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, थंडी. मग पोट बिघडतं आणि पाय. पाय असे झाडतात की चादर टिकत नाही. अफू पोटात असेपर्यंत मात्र वरून काही कळत नाही. बघायचे ते डोळे. बाहुली मोहरीएवढी होते आणि अंधारातही मोठी होत नाही. दौलतगंजच्या बाजारातून चालत गेलो तर कोण खातं ते मी बोट दाखवून सांगू शकतो.

हे मी आज भागीरथ छीप्याच्या सुनेला, गेंदाबाईला सांगत होतो. हीच गेंदाबाई दर गुरुवारी कापडाचं गाठोडं घेऊन आमच्या घरी येते. अहल्येला शिवणकाम तिच्याकडूनच मिळतं. माझं बोलणं ऐकून ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "बाबूजी, आप सब पहचान लेते हो?"

म्हटलं, "सब."

तिनं पदर तोंडाला लावला.

तिचा सासरा भागीरथ हा माझा पहिला पासवाला माणूस. साठी उलटलेली. एके काळी त्याचा ठसा बसला की रेघेला रेघ मिळायची, आता हात कापतो. म्हणाला, "जेल में छुड़वाते थे तो सिपाही खड़ा रहता था. इधर कौन है?"

"मैं हूँ."

"तुम तो खुद चोर थे, बाबूजी."

सगळे हसले. मीही हसलो. खोटं काय होतं त्यात?

२४ ऑक्टोबर

जेलमध्ये आम्ही एक युक्ती करायचो. माणसाची रोजची गोळी साबणाच्या तुकड्याशी तोलायची. तोच साबण त्यानं रोज वापरायचा आणि रोज गोळी त्याच तुकड्याशी तोलून घ्यायची. साबण झिजतो तशी गोळी लहान होते आणि माणसाला कळतही नाही. बाहेर मात्र साबणानं घोटाळा केला. एकानं त्या साबणानं घरभर धुणं धुतलं आणि चौथ्या दिवशी लोळत आला.

जेवताना हे सांगत होतो. अहल्या वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "साबण कशाला? चंदनाच्या खोडाचा तुकडा द्या. सहाणेवर उगाळलं की झिजतं, पण हळू झिजतं. आणि कपाळाला लावायचं असतं म्हणून कुणी विसरत नाही."

मी तिच्याकडे बघत राहिलो. इतकी साधी गोष्ट. खोड रोज ठरावीक वेळा उगाळायचं, गंध लावायचं, मग गोळी खोडाशी तोलायची. तिनं अजून विचारलं: ओलं खोड जड भरणार नाही का? मी म्हटलं, पुसून उन्हात वाळवायचं आणि मग तोलायचं. त्रास फार झाला तर? तर त्या दिवशी उगाळायचं नाही, खोड आहे तिथेच ठेवायचं, पण मागे जायचं नाही. हे तिनं एकदा माझ्याकडून परत म्हणवून घेतलं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्या कामात रस घेतला. फार बरं वाटलं.

१ नोव्हेंबर

काल मध्यभारतात झोपलो, आज मध्यप्रदेशात उठलो. राजधानी भोपाळ. डॉक्टर म्हणाले, खोलीच्या परवानगीचा अर्ज ज्या कचेरीत होता ती कचेरीच आता राहिली नाही, कागद पेटीत बसून भोपाळला जातील तेव्हा जातील. तोपर्यंत चालू द्या.

शेजारचे दोघे पुण्याकडे बदली मिळते का बघताहेत. सुलू म्हणाली, "बाबा, आपण पण जाऊ या ना. तिथे आपल्याला कोणी ओळखणार नाही."

अहल्या म्हणाली, "मी शिप्रा सोडून कुठे जाणार नाही." तिच्या आवाजात इतका जोर असतो हे मी विसरलो होतो.

१९ नोव्हेंबर

कार्तिकाच्या जत्रेत भागीरथ भेटला. कपाळावर चंदनाचा ठळक टिळा. त्याचं खोड निम्मं झालं आहे. काल त्यानं अख्खी ओढणी छापली. काठ कुठेही वाकडा नाही. मला ओढणी दाखवताना तो काठावरून बोट फिरवत राहिला.

अहल्येला संध्याकाळी सुईत दोरा ओवता येत नाही हल्ली. सुलू ओवून देते. चाळिशी लागली असणार. फ्रीगंजमध्ये चष्मेवाला आहे, एकदा न्यायला हवं.

८ डिसेंबर

आज उगाच बोललो. देवघरातलं चंदनाचं खोड, माझ्या आईच्या वेळचं, बघतो तर अंगठ्याएवढं उरलं आहे. म्हटलं, "देवाला इतकं गंध? खोलीवरच्या माणसांना द्यायला मी दोन दोन तुकडे मागून आणतो आणि घरात हे?"

अहल्या म्हणाली, "देवाचं आहे. देवासाठीच गेलं."

सुलू आतून म्हणाली, "बाबा, जाऊ द्या ना. तुम्हाला काय कळतं त्यातलं." तिचं बोलणं माझ्याशी नेहमीच असं असतं. मी आत होतो तेव्हा तिच्या शाळेत काय काय ऐकावं लागलं असेल ते तिनं कधी सांगितलं नाही, पण त्याची वसुली करते. करू दे.

एक चांगली गोष्ट. देवासच्या अण्णांनी सुलूसाठी विचारणा केली आहे. त्यांचा मुलगा शरच्चंद्र, शाळेत मास्तर. अण्णांना माझं सगळं माहीत आहे. डॉक्टरांना म्हणाले, माणूस आता काय करतो ते बघू. छब्बीस जानेवारीला उज्जैनला येणार आहेत.

२ जानेवारी १९५७

डॉक्टरांनी ठरवलं, छब्बीस जानेवारीला खोलीसमोर झेंडावंदन आणि त्या वेळी चार-पाच जणांनी आपला अफूचा पास अबकारी खात्याच्या साहेबांच्या हातात परत करायचा. भागीरथ सगळ्यांत पुढे. अण्णाही तिथे असतील. सुलूचं जमावं हे डॉक्टरांच्याही मनात होतं.

भागीरथाचं खोड अजून संपलेलं नाही, गोळी मुगाएवढी उरली आहे. माझ्या नियमानं त्याला अजून दोन महिने द्यायला हवेत. पण मुगाएवढ्यावरून शून्यावर येणं त्याला जड जाणार नाही, तीन दिवस मी त्याच्याजवळ बसेन.

गेंदाबाई दुपारी खोलीवर आली. सहसा येत नाही. म्हणाली, "बाबूजी, पास अभी मत छुड़वाओ. होली तक रहने दो."

"का? तुझा सासरा तर तयार आहे."

"वो तैयार है. पर रहने दो."

मला कळलं. पासावर मिळतं पूर्वीइतकंच, म्हातारा खातो मुगाएवढं. बाकीचं ही विकते. मी तिला सरळ तसं म्हटलं. तिनं नाही म्हटलं नाही. म्हणाली, "किसी का काम चलता है, बाबूजी. वो भी छोड़ रहा है. धीरे-धीरे."

म्हटलं, प्रत्येक खाणारा असंच सांगतो. खाली मान घालून निघून गेली.

कुणाला विकते ते मी विचारलं नाही. चोरीचा माल कुठे जातो ते मी पूर्वीही विचारत नसे.

१५ जानेवारी

काल संक्रांत. अहल्येनं तिळगूळ दिला आणि म्हणाली, "भागीरथचा पास इतक्या घाईनं कशाला घेताय? नियम तुमचाच ना, मागे जायचं नाही आणि उडी मारायची नाही."

म्हटलं, "सुलूसाठी."

"सुलूसाठी," ती म्हणाली, आणि बराच वेळ तिळगुळाचा डबा पुसत बसली. मग म्हणाली, "ठीक आहे."

२६ जानेवारी

सगळं चांगलं झालं. भागीरथानं पास दिला. साहेबांनी त्याला हार घातला, त्यानं तो काढून माझ्या गळ्यात घातला. जेलची भिंत समोर होती. मला बोलायला लावलं. मी म्हटलं, जो माणूस घरच्यांपासून लपवून खातो त्याच्या घरच्यांनीच डोळे उघडे ठेवायला हवेत, डोळे उघडे असतील तर काही लपत नाही. टाळ्या झाल्या. अण्णा पुढच्या रांगेत होते.

अहल्या आली नव्हती. देवासच्या मंडळींचा स्वयंपाक होता.

२९ जानेवारी

भागीरथ ठीक आहे. दोन दिवस पाय झाडले. मी धरून बसलो होतो. आज त्यानं गुळाचा चहा मागितला.

३१ जानेवारी

गुरुवार असून गेंदाबाई आली नाही. अहल्या सकाळपासून दाराबाहेरच्या ओटल्यावर जाऊन गल्लीच्या तोंडाकडे बघत होती. शिवायला कापड नाही म्हणून असेल. तिला सर्दी झाली आहे, डोळ्यांतून सारखं पाणी. सुंठ घ्यायला सांगितलं.

१ फेब्रुवारी

अहल्येची तबियत बरी नाही. सर्दी उतरली नाही, अंगात कणकण, सारख्या जांभया. दोन रजया घेऊनही थंडी वाजते. मी खोलीवर जाऊ नको का, विचारलं तर सुलू म्हणाली, "तुम्ही जा. आईजवळ मी आहे." म्हटलं डॉक्टरांना सांगतो. दोघी एकदम "नको" म्हणाल्या.

२ फेब्रुवारी

फ्रीगंजमध्ये सभा होती, मला बोलवलं होतं. अहल्येचं पोट बिघडलं होतं, पोटात काही ठरत नव्हतं. जाऊ का म्हणून विचारलं. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "जा. लोक वाट बघत असतील." गेलो. मुद्दे सगळे नीट मांडता आले. परत आलो तर सुलू तिचे पाय चेपत होती. मी चेपतो म्हटलं. सुलूनं हात काढले नाहीत.

३ फेब्रुवारी

कुठून लिहू ते कळत नाही.

सकाळी अहल्या उठून देवासमोर बसली. अंगाभोवती रजई. सुलू म्हणाली, आई, आज राहू दे. तिनं ऐकलं नाही. सहाण पुढे ओढली. खोड कसलं, नखाएवढी ढलपी होती ती चंदनाची. बोटाच्या टोकानं दाबून तिनं ती उगाळली, ओठ हलवत, मोजून. मग थांबली. देवाला गंध लावलं नाही. ढलपी कोरड्या फडक्यात पुसली, दोन्ही बाजूंनी, आणि खिडकीत उन्हात ठेवली.

देवाच्या चंदनाला कुणी असं पुसून वाळवत नाही. ओलं खोड जड भरतं म्हणून वाळवायचं, हे मी फक्त माझ्या माणसांना सांगतो.

मी तिच्यासमोर जाऊन बसलो. तिनं वर बघितलं. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, काळ्याभोर. अफू तुटली की होतात तशा. सुटून आल्यापासून मी त्या एवढ्या कधी पाहिल्या नव्हत्या. आठ दिवसांपूर्वीपर्यंत त्या कशा होत्या ते मला आठवेना. खूप प्रयत्न केला, आठवलं नाही. भागीरथाच्या आठवतात, खोलीवरच्या प्रत्येकाच्या आठवतात.

म्हटलं, "खायला काही नाही, मग उगाळतेस कशाला?"

म्हणाली, "गेंदा आली तर वजन चुकायला नको."

मग थांबत थांबत तिनं सांगितलं. वडी शिप्रेत सोडलीच नव्हती. रामघाटापर्यंत गेली होती. पायरीवर उभी राहिली, वडी पदराखाली. आंघोळीला माणसं होती, पंडे हाका मारत होते. "तुम्हीच म्हणायचात ना, सोन्याचा तुकडा आहे हा. माझ्या मनात आलं, तुम्ही गेलात आता, सुलूची फी कशी द्यायची. विकेन कधीतरी. मग विकायला कुणाकडे जाऊ? झडतीच्या दिवशी ती रजईच्या कापसात होती, मी त्याच रजईला टाके घालत बसले होते. माणसं माझ्यासमोरून गेली."

नंतर शिवून शिवून पाठ आणि पाय इतके दुखायचे की झोप लागेना. तिला माहीत होतं अफूनं दुखणं थांबतं. माझ्याकडूनच ऐकलं होतं. वडी संपली तेव्हा गेंदाबाईनं सासऱ्याच्या हिश्श्यातून द्यायला सुरुवात केली, दर गुरुवारी, कापडाच्या घडीत. मी आलो तेव्हा तिला वाटलं, आता एका दिवसात ओळखतील.

"रोज वाट बघायचे," ती म्हणाली. "भीतीनं. मग भीती गेली, नुसती वाट बघायचे."

सुलूला तीन वर्षांपासून माहीत आहे.

मी उठलो. म्हटलं, भागीरथाकडे थोडी शिल्लक असेल, आणतो. सापडलो तर सापडलो. नाहीतर डॉक्टरांना सांगतो, ते चिठ्ठी देतील, सरकारी यादीत नाव लिहिलं की रीतसर मिळेल.

अहल्येनं माझं धोतर धरलं. "नाव लिहायचं? आणि अण्णांना काय सांगायचं? नको. आणि आता आणायची पण नाही. तीन दिवस निघाले आहेत. तुमचाच नियम ना, मागे जायचं नाही." मग जरा वेळानं म्हणाली, "थोडंच राहिलं होतं हो. होळीपर्यंत."

होळीपर्यंत. गेंदाबाईनं तेवढंच मागितलं होतं.

मी तिचे पाय धरायला बसलो, जसा खोलीवर बसतो. तिनं पाय आखडून घेतले. "असं बघू नका माझ्याकडे. मी तुमच्या खोलीवरची नाही. तुम्ही बाहेर बसा."

४ फेब्रुवारी

ओटल्यावर बसून आहे. आत सुलू आहे. मी दाराबाहेरून सांगतो, ती आत करते: मिठाचं पाणी, साखर घालून, घोट घोट. गरम विटेचा शेक. पाय दाबायचे नाहीत, नुसते धरायचे. सुलू एकदा दारात येऊन म्हणाली, "बाबा, मला येतं. इतकी वर्षं मीच करते आहे."

५ फेब्रुवारी

नाडी फार बारीक लागते म्हणून डॉक्टरांना आणलं. त्यांना मी काही सांगितलं नाही. त्यांनी डोळे बघितले, जीभ बघितली, माझ्याकडे बघितलं. सुई दिली. टांग्यात बसताना म्हणाले, "जुलाबानं अशक्तपणा आला आहे असं मी लिहितो. तुम्ही चार दिवस खोलीवर येऊ नका." आणि मग, "हृदय थकलेलं आहे, पंत. इतकं एकदम व्हायला नको होतं."

म्हटलं, "मीच केलं."

त्यांनी टांगेवाल्याला खूण केली. टांगा गेला.

७ फेब्रुवारी

अहल्येनं पेज घेतली. पोटात ठरली.

११ फेब्रुवारी

अण्णांचं पत्र आलं. होकार आहे. छब्बीस जानेवारीचा कार्यक्रम पाहून मन निःशंक झालं, असं लिहिलं आहे. सुलूनं मोठ्यानं वाचलं आणि तो शब्द आल्यावर थांबली. अहल्या अंथरुणावरून म्हणाली, "वाच ना पुढे." बऱ्याच दिवसांनी ती हसली. मला मात्र तिथे बसवेना.

२० फेब्रुवारी

खोलीवर जायला लागलो. नवीन माणसं आली आहेत. आता मी कुणाच्या घरच्यांना डोळ्यांविषयी सांगत नाही. विचारतो, घरी कोण कोण आहे, काय काम करतात, कुठे दुखतं. ते चक्रावून माझ्याकडे बघतात. एक म्हातारी म्हणाली, "अफीम तो मेरा आदमी खाता है, मुझसे क्या पूछते हो?"

गेंदाबाईला भेटलो. म्हटलं, चूक माझी होती. ती म्हणाली, "बाई साब कैसी है?" बरी आहे म्हटलं. गाठोडं बांधता बांधता म्हणाली, "उस दिन आप पूछ लेते, तो मैं बता देती."

१० मार्च

अहल्या आता घरात हिंडते-फिरते. जिना चढताना मध्ये बसावं लागतं. डॉक्टर म्हणतात, इतपतच राहणार. संध्याकाळी कंदील लावायच्या वेळी तिनं सुईत दोरा ओवला, पहिल्या खेपेत. मी बघत होतो ते तिला कळलं. तिनं सुई जरा उजेडात धरली, मला दिसावी अशी, आणि शिवायला लागली.

१७ मार्च

काल होळी झाली. आज सकाळी अहल्येनं ती चंदनाची ढलपी एका पानात ठेवून माझ्या हातात दिली. "देवाच्या सहाणेवर आता ही नको. शिप्रेत सोडून या."

रामघाटावर गेलो. लोक रंग धूत होते, पाणी काठाशी गुलाबी झालं होतं. एका पंड्यानं हाक मारली, जजमान, संकल्प करना है? मी नको म्हटलं. शेवटच्या पायरीवर उभा राहिलो. याच पायरीवर की शेजारच्या, ते मी तिला विचारलं नव्हतं. एका क्षणाचं काम. कोठडीतून मी निरोप पाठवला होता, शिप्रेत सोडून दे, इतकंच, जणू फूल सोडायचं आहे. सुलू तेव्हा अकरा वर्षांची होती.

पान उघडलं. नखाएवढी ती ढलपी, एका बाजूनं पार गुळगुळीत झालेली. पाणी पायाला लागत होतं. मी बराच वेळ उभा राहिलो, आंघोळ करणारे बदलले, पंडा दोनदा येऊन गेला.

घरी आलो. अहल्या ओटल्यावर शिवत बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "सोडली?"

"सोडली," मी म्हटलं.

ती शिवत राहिली. मी तिच्या जवळून आत गेलो तेव्हा तिचा हात थांबला. माझ्या सदऱ्याच्या खिशाला चंदनाचा वास येत होता.